मिठाची पारख

भाजीत मीठ नव्हतं. पहिला घास तोंडात गेला आणि सुनेचा हात तिथेच थांबला. मुलीला औषध पाजण्याच्या गडबडीत मीठ घालायचं राहूनच गेलं होतं. सासरे तर केव्हाच जेवून कामाला लागले होते. ताट चाटूनपुसून लख्ख, वर "वाढ अजून थोडी" म्हणून दुसऱ्यांदा मागून घेतलेली.

तिला भरून आलं. सासरे गवंडी, पण घरात त्यांच्या थापीपेक्षा जिभेचाच धाक जास्त. मीठ कमी झालं की ताट सरकवायचे, जास्त झालं की पाणी मागायचे, आणि दोन्ही वेळा तोंडातून अवाक्षर काढायचे नाहीत. न बोलताच सुनेला रडवायची त्यांची हातोटी होती. लग्न झाल्यापासून ती त्या जिभेला भिऊन फोडणी घालत आली होती. आज मात्र त्यांनी सांभाळून घेतलं. या माणसाबद्दल आपल्याला माया वाटू शकते, हे तिला आजच कळलं.

भाड्याच्या खोलीच्या दारातून समोर नवं घर दिसत होतं. भिंती खिडकीपर्यंत आल्या होत्या. हे घर सासरे नातीसाठी बांधत होते. या खोलीच्या भिंतींना लोणा लागला होता. हात लावला की गिलाव्याचा पांढरा भुगा पडायचा, पलंग कितीही ओढून घेतला तरी गादी दमट राहायची. पोरीची छाती सतत घरघरत असे. डॉक्टर दरवेळी औषध लिहून देत आणि दरवेळी तेच सांगत, खोली बदला.

समुद्र गल्लीच्या टोकाला होता. तिथल्या हवेत वाळत घातलेले कपडेसुद्धा नीट वाळत नसत. अशा ठिकाणी भिंतीत खारी वाळू गेली की संपलं. ते मीठ जन्मभर हवेतली ओल ओढत राहतं. वरून कितीही रंग फासा, भिंत आतून सडत जाते. म्हणून सासरे वाळूचा ट्रक आला की चिमूटभर वाळू जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे, थुंकायचे. मग "उतरव" किंवा "परत ने". त्यांनी चाखलेली वाळू पुन्हा चाखायची कुणाची हिंमत नव्हती. या नव्या घराचीही वाळू त्यांनीच चाखली होती.

हात धुता धुता ती थबकली. मघाचा आनंद कुठच्या कुठे गेला.

ती तशीच ओल्या हाताने अंगणात गेली. ढिगातली वाळू तिने बोटावर घेतली आणि जिभेला लावली. थुंकली. पुन्हा लावून पाहिली. वाळू खारट होती.

सासरे ओळंबा सोडून कोपरा तपासत होते. तिचा नवरा त्यांना भिजवलेल्या विटा काढून देत होता. गप्प बसावं, असं तिला एकदा वाटलं. इतक्या वर्षांच्या नावाजलेल्या माणसाला काय म्हणून सांगायचं? तेवढ्यात खोलीतून पोरीचा खोकला ऐकू आला.

"मामंजी," ती म्हणाली, "आज भाजीत मीठ नव्हतं."

ओळंबा हलायचा थांबला. सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग वाळूकडे. नवरा नुसताच दोघांकडे बघत राहिला. त्याला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला.

"कधीपासून, बाबा?"

"मागे ताप आला होता, तेव्हापासून. वाटलं, चव येईल परत."

"मग वाळू का चाखलीत?"

"ट्रकवाला बघत होता," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "तूही बघत होतास. काय सांगणार होतो?"

नवऱ्याने समजुतीचा सूर लावला. गिलावा दुप्पट जाड करू, म्हणाला, भारीतला रंग देऊ, काही कळायचं नाही. सासऱ्यांनी नकारार्थी मान हलवली. हातोडी घेतली आणि आज सकाळीच रचलेल्या थराची पहिली वीट स्वतःच्या हाताने उखडली. मग दुसरी. वरच्या विटा अख्ख्या निघाल्या, खालच्या तुटल्या. सून विटांना चिकटलेला सिमेंट-वाळूचा मसाला खरवडून, मीठ उतरावं म्हणून त्या पाण्यात टाकत होती. सासरे रडत होते की घाम पुसत होते, हे तिने मुद्दामच पाहिलं नाही.

भिंती जोत्याला टेकल्या. मग नव्या वाळूचा ट्रक आला. ट्रकवाला तोच होता. नेहमीसारखा सासऱ्यांसमोर येऊन उभा राहिला. सासऱ्यांनी चिमूट उचलली. हात तोंडापाशी नेला आणि तिथून वळवून तो सुनेपुढे धरला.

तिने वाळू जिभेवर ठेवली. डोळे मिटले. थुंकली.

"खारी आहे," ती म्हणाली. "परत ने."

ट्रकवाला हसला. "काका, तुम्ही एकदा चाखून बघा की. वहिनींना काय कळतंय यातलं?"

सासऱ्यांनी हात झटकून स्वच्छ केले आणि भिजत टाकलेल्या विटांकडे वळले.

"आमच्या घरात," ते म्हणाले, "मीठ तीच बघते."