सोपी वाट

दादा कड्यावरून पडून गेला, तेव्हापासून बाबांनी डोंगराचं नाव काढलं नव्हतं. म्हणून धाकटीनं रविवारसाठी सगळ्यात सोपी वाट निवडली आणि जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला.

"चढ किती?" बाबांनी विचारलं.

"नावालाही नाही. आधी सपाट जंगल, मग पाणथळावरून लाकडी पूल. बदकं बघायची, डबा खायचा, परत यायचं."

"कडा?"

"बाबा, तिथं पडायचं म्हटलं तरी पडायला जागा नाही." बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली.

बाबा उठले. माळ्यावरचा जुना दोर काढून तिच्या बॅगेत भरू लागले.

"सपाट वाटेवर दोर कशाला?" तिनं हळूच विचारलं.

"दादानंही भरला होता," बाबा म्हणाले. "सोपी वाट आहे म्हणून मीच काढून ठेवायला लावला."