सगळ्यात कमी आवाजाची

जुबेरला लाकूड कोरायला छोटी चेनसॉ घ्यायची होती, पण नांदेडच्या दुकानात त्याचं एकीवरही मन बसेना. ही चालू कर, ती बंद कर, पुन्हा पहिलीच चालू कर. दुकानदार वैतागला, "लोकं पातं बघून मशीन घेतात, भाई. तुम्ही नुसता आवाज ऐकून राहिले!"

"काम घरातच हाय. बाजूला चार महिन्याची लेक झोपती. तिची झोप मोडाया नको."

पेट्रोलवरची स्वस्तही होती आणि दणकटही. तरी त्यानं बॅटरीवरची, सगळ्यात कमी आवाजाची घेतली. हदगावच्या बसमध्ये खोकं मांडीवर होतं, पण घालमेल चालूच. हीसुद्धा मोठ्यानं वाजली तर?

दारातच त्याची बायको नाजिया हसली. "उगीच जीवाला घोर लावून घेता. आज शेजारच्या आप्पासाहेबांनी पेट्रोलच्या मशीननं कडुलिंब पाडला, पार आपल्या खिडकीला लागून. लई गुणाची पोर, झोपेत हललीसुद्धा न्हाई!"

लेक आता जागी होती, पाळण्यावर टांगलेल्या लाकडी चिमण्यांकडं बघत होती.



जुबेर खोकं खाली ठेवून तिच्या डोक्यामागं गेला आणि त्यानं जोरात टाळी वाजवली. लेक चिमण्यांकडंच बघत राहिली. मग आणखी जोरात.