पांढरा शर्ट

कार्टून फिल्मच्या चित्रांवर काच दाबून मी वरच्या कॅमेऱ्याने एकेक चित्र टिपायचो. काचेत माझं प्रतिबिंब पडू नये म्हणून कामावर काळाच शर्ट लागायचा. वर्षानुवर्षं वाकून डावा खांदा उतरला, त्यामुळे दुकानातला शर्ट मला बसायचाच नाही; सगळे माझी बायको सुनंदाच घरी शिवायची. मल्लेश्वरमचा स्टुडिओ तिच्या थोरल्या भावाचा, अण्णांचा. दसऱ्याआधी त्यांनी कॅमेरा दुरुस्तीला मद्रासला पाठवला. मी कुरकुरलो की सुनंदा म्हणायची, “येईल हो. अण्णा तुमच्याशी खोटं बोलतील का?” दिवाळीला अण्णांनी माझ्या हातात पांढरा शर्ट ठेवला. “हयवदनराव, कॅमेरा विकला. आता सगळं कॉम्प्युटरवर. तुम्ही स्वल्प विश्रांती घ्या.” शर्ट त्यांच्या तोंडावर फेकणार होतो, पण सुनंदा आठवली. सख्ख्या भावाने असा दगा दिला, हे तिला कसं सांगू? मुकाट्याने शर्ट चढवला. डाव्या खांद्यावरही चपखल बसला.