कॅम्पातलं स्पॅनिश हॉटेल

"सतीशला ठाऊक असतं. त्यालाच विचारा की."

जयसिंग शेठनं दिल्लीच्या पार्टीसमोर हे वाक्य टाकलं आणि सतीशच्या हातातला चहाचा ट्रे तिथंच थांबला. पार्टीतल्या थोरल्या साहेबांनी विचारलं होतं एवढंच, की तुमचे हे स्पेनचे इंजिनिअर पुण्यात चांगलं स्पॅनिश जेवण कुठं जेवतात? आपणही एकदा त्यांच्याबरोबर जाऊ.

"कॅम्पात, साहेब," सतीश म्हणाला. तोंडातून गेलं ते गेलं.

"बढिया. शनिवारी दुपारी सगळेच जाऊ."

पार्टी मशीन बघायला गेली तसं शेठनं सतीशला जिन्याखाली गाठलं. कारखाना फरशांचा, रांजणगावच्या एमआयडीसीतला. सतीश नावाला स्टोअरमध्ये, पण पाहुण्यांची ऊठबस त्याच्याच गळ्यात. दर सात महिन्यांनी त्याला ब्रेक मिळायचा. म्हणजे काढून टाकायचं आणि महिन्याभरानं नवा माणूस म्हणून पुन्हा घ्यायचं. असे तीन ब्रेक झाले होते. त्याची बायको पूनम शेजारणींना सांगायची, ह्यांची रजा चालूय.

"जेवण नीट पार पडलं तर ऑर्डर आपली आणि पर्मनंटचं पत्र तुझं," शेठ म्हणाले. "नाही तर ब्रेक. ह्या वेळचा कायमचा."

"पण शेठ, तसलं हॉटेल पुण्यात..."

"मला काय विचारतोस? कॅम्प तू म्हणालास." शेठ जायला वळले, मग थांबले. "आणि डिएगोसाहेबांना काही विचारत बसू नकोस. त्यांना आपली भाषा येत नाही, आपल्याला त्यांची."

शेठनं आणलेले स्पेनचे इंजिनिअर डिएगोसाहेब येऊन आठवडा झाला होता. गोरे, घारे, साठी ओलांडलेले, डोक्याला हॅट. बोलणं जवळजवळ नाहीच. मशीनपाशी जायचे, स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगला आणि मूठ कानाला लावायचे, डोळे मिटून ऐकत राहायचे. स्पेनमध्ये अशीच शिकवण असते, असं सतीश घरी ठोकून द्यायचा.

दोन दिवस तो एसटीडी बूथवर डिरेक्टरी घेऊन बसला. चायनीज सापडलं, मद्रासी सापडलं, इराणी तर ढिगानं. एक जण म्हणाला, स्पॅनिश ऑमलेट देऊ, पण सकाळी दहापर्यंतच. उंदराला पिंजऱ्यात निदान खोबरं तरी मिळतं. सतीशनं पिंजराही स्वतःच विणला होता.

शेवटी तो कारेगावात तुळजाबाईंच्या खानावळीत जाऊन बसला. ब्रेकच्या महिन्यात त्याला तिथंच धीर मिळायचा.

"मावशी, स्पेनचं जेवण येईल करायला?"

"माणसंच खात्यात न्हवं? मग येतंय की."

त्यानं एका मासिकातलं पान वाचून दाखवलं. पिवळा भात, त्यात कोंबडी. बटाटा घालून जाड ऑमलेट.

"हे तर आपलंच हाय. नुसतं तिखट काढून घेतलंय."

"तिखट घालायचंच नाही, मावशी. माझी शपथ."

"न्हाई घालत, बाबा. माझा मसाला माहेरचा, वरवंडच्या डंकावर कुटलेला. तुझ्या गोऱ्याला सोसायचा बी न्हाई."

कॅम्पात गिऱ्हाईक तुटलेलं एक हॉटेल होतं. मालक दिवसभर माश्या मारत असायचा. त्यानं दुपारपुरतं स्वयंपाकघर दिलं, वर पांढरे टेबलक्लॉथही दिले. स्पेन म्हणजे बैल, एवढं सतीशला केबलमुळं माहीत होतं. मेव्हण्याच्या शर्यतीच्या बैलाचा फ्रेम केलेला फोटो त्यानं समोरच्या भिंतीवर टांगला. शिंगांवरच्या गुलालाला काही इलाज नव्हता.

शनिवारी सुमोत तो डिएगोसाहेबांच्या शेजारी बसला. स्पीडब्रेकर यायच्या जरा आधीच साहेबांचा हात पुढची सीट धरायचा. शिक्रापूरला तसंच, वाघोलीला तसंच. शिस्त म्हणजे शिस्त, सतीश मनात म्हणाला.

हॉटेलात शिरल्याबरोबर थोरले साहेब फोटोपुढं उभे राहिले. "बुल फाइट?"

डिएगोसाहेबांनी बैलाकडं बराच वेळ बघितलं. मग होकाराची मान हलवून "सी" म्हणाले आणि रुमालानं तोंड झाकून खोकले.

भाताची परात बाहेर गेली आणि सतीशच्या नाकाला वास आला. तो आत धावला.

"मावशी, काय केलंत?"

"चव घेतली तर नुसता आजाऱ्याचा भात रे. हात थांबंना. दोनच चमचे टाकलं."

तो उलट्या पावली बाहेर आला तेव्हा डिएगोसाहेबांचा पहिला घास तोंडात गेला होता. साहेब चावता चावता थांबले. डोळ्यांत पाणी आलं. दिल्लीवाल्यांचे चमचे हवेत, सगळ्यांची नजर त्या एका तोंडावर. शेठनं सतीशकडं बघितलं. त्या नजरेत पर्मनंटचं पत्र उभं फाटत होतं.

डिएगोसाहेबांनी घास गिळला. परात स्वतःकडं ओढली आणि डावभर भात वाढून घेतला.

"मुय बुएनो," ते म्हणाले.

मग काय, दिल्लीवाल्यांनीही ताव मारला. घाम पुसत, नाक ओढत थोरले साहेब म्हणाले, "असली स्पॅनिश. हे कुठंही मिळायचं नाही." ऑर्डरचं बोलणं ऑमलेट संपायच्या आत उरकलं. शेठनं उठता उठता सतीशच्या पाठीवर हात ठेवला. "सोमवारी ऑफिसात ये. पत्र घेऊन जा."

हात धुवायचं बेसिन मागच्या बोळात होतं. सतीश टॉवेल घेऊन उभा राहिला. डिएगोसाहेबांनी सावकाश हात धुतले, मागं वळून कोणी नाही ना ते बघितलं आणि दार लोटून घेतलं.

"मसाला वरवंडच्या डंकावरचा ना, रं?" ते हळूच म्हणाले. "दौंडला रेल्वेच्या लोको शेडात व्हतो, तवा समद्यांच्या डब्याला ह्योच वास असायचा. आन् हे बघ, मी बोललो म्हणून शेठला सांगू नगं. पार्टी दिल्लीला जायपातुर मला बी स्पॅनिशच ऱ्हायचंय."