पाण्यातली डोकी

कोरलीनं बोटातली लग्नाची अंगठी काढून गाडीच्या कप्प्यात टाकली आणि मागं बसलेली नोलीन पुढं झुकली.

"का गं काढलीस?" तिनं जमेल तितक्या सहज विचारलं.

"सैल झालीय. पाण्यात पडायची."

गाडी चालवणारी डॉट खिदळली. "बरं केलंस बाई. पडली असती तर मलाच बुडी मारायला लावली असतीत. हा लोखंडी खुबा घेऊन मी गेले असते सरळ तळाला."

कोरली किंचित हसली. नोलीनला हसू आलं नाही.

तिघी गोलबर्नच्या. गावच्या तलावात पहाटे एकत्र पोहता पोहताच म्हाताऱ्या झालेल्या. त्यांच्या पोहणाऱ्या बायकांचा एकच कडक नियम होता. काठावर कुणीतरी बसून पाण्यातल्या पिवळ्या टोप्या मोजायच्या, आणि एक जरी कमी दिसली तरी शिट्टी मारायची. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून डॉट पाण्यात उतरली नव्हती. थर्मास आणि शिट्टी घेऊन बाकावर बसायची. तिचा डोळा चुकवून तिथं कुणाला साधी डुबकीही मारता आली नसती.

हिवाळ्याच्या सुरुवातीला कोरलीचा नवरा रॉस गेला. तेव्हापासून ती रडली नव्हती, हीच नोलीनला खरी धास्ती. गेल्या आठवड्यात कोरली फोनवर म्हणाली, "सगळं आवरून झालं गं. आता करायचं काही उरलं नाही." ते ऐकल्यापासून नोलीनचा जीव टांगणीला लागला होता. तिनं डॉटकडे धाव घेतली. दुसरं कोण होतं?

डॉटनं शांतपणे ऐकून घेतलं. "तिला बिनाराला नेऊ," ती म्हणाली. "खारं पाणी लागलं की माणूस जागं होतं. तू तिच्यावरची नजर हलवू नकोस. बाकीचं माझ्यावर सोड."

बिनारा म्हणजे समुद्रकाठचं एक दुकान, घरांची एक रांग आणि खडकात खोदलेला तलाव. भरतीच्या लाटा भिंतीवरून आत येऊन तो भरून टाकत. तिघींनी दुकानातून तळलेले मासे आणि बटाटे घेतले आणि तलावाजवळच्या बाकावर कागद उलगडले. कोरलीनं आपले सगळे बटाटे सीगल पक्ष्यांना घातले. नोलीननं तेही टिपलं.

डॉटनं प्लास्टिकच्या पेल्यात वाईन ओतली आणि गाडीची किल्ली नोलीनच्या हातावर ठेवली. "जाताना तू चालव. मी आज सुट्टीवर आहे."

मग ती आल्याच्या केकची कृती सांगायला लागली. शेतीच्या जत्रेत वर्षानुवर्षं पहिलं बक्षीस घेणारा केक. सख्ख्या बहिणीनं मरेपर्यंत विचारलं तरी डॉटनं ती कृती दिली नव्हती.

"मैद्यात अरारूट जास्त घालायचं, आणि चाळायचं तीनदा. ऐकतेयस ना? ओव्हनचं दार आपटलंस तर सगळं मुसळ केरात."

"हं," नोलीन म्हणाली. तिनं अर्धंच ऐकलं होतं. कोरली उठून एकटीच तलावाच्या कडेकडे निघाली होती.

"जा, जा तिच्यामागं," डॉट म्हणाली. "मी आहे ना मोजायला."

पाणी बर्फासारखं होतं. नोलीन कोरलीच्या मागं मागं पोहत राहिली. पिवळी टोपी डोळ्यांआड होऊ द्यायची नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. कोरली थेट समुद्राकडच्या भिंतीपाशी गेली. तिथं फेस उडत होता. एक मोठी लाट भिंतीवरून आली, नोलीनच्या नाकातोंडात पाणी गेलं. डोळे पुसून पाहते तो टोपी नाही.

पण शिट्टी वाजली नव्हती. डॉटला दिसत असणार, म्हणजे सगळं ठीक असणार, असं तिला क्षणभर वाटलं. मग मात्र भीतीनं तिला गिळलं. बुडी मार, वर ये, पुन्हा बुडी मार. तळाशी शेवाळ होतं, वाळू होती, कोरली नव्हती.

कोपऱ्यातल्या खडकाआड कोरली उताणी तरंगत होती. टोपी तिच्या मुठीत होती, पांढरे केस पाण्यावर पसरलेले. नोलीननं तिचा दंड इतका जोरात धरला की ती ओरडलीच.

"अगं, काय करतेस? दुखतंय!"

"तू टोपी काढलीस! टोपी का काढलीस?"

"कान पाण्यात बुडवायचे होते." कोरलीचा चेहरा वाकडा झाला आणि ती रडायला लागली, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. "घरात सारखा त्याचा खोकला ऐकू येतो गं मला. इथं नाही आला."

"मला वाटलं, तू..."

"वेडी आहेस का? मी मरायला आलेय होय? मला तर भूक लागलीय."

नोलीन रडत रडतच हसायला लागली. दोघी एकमेकींना धरून, ठेचकाळत पायऱ्यांवरून वर आल्या. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. हे आधी डॉटला सांगायचं, आणि शिट्टी मारली नाही म्हणून तिला चांगलं फैलावर घ्यायचं.

बाकावर थर्मास होता. दोन कपांत चहा ओतून ठेवलेला होता, बाजूला शिट्टी. डॉट नव्हती.

बाहेरच्या खडकांवरून एक म्हातारा गळ आणि बादली घेऊन येत होता. त्यानं टोपी उचलून दोघींना नमस्कार केला.

"तुमची मैत्रीण काय पोहते हो," तो कौतुकानं म्हणाला. "सरळ आत समुद्रात गेली. एकदासुद्धा मागं वळून बघितलं नाही."