माफी मागायची पद्धत

सुधारगृहाच्या बाईंनी माझ्या मुलाला माफी मागायची पद्धत शिकवली होती: जिथं मारलं तिथं हळूच हात ठेवायचा, डोळ्यांत बघायचं, मग बोलायचं. घरी आल्याआल्या तो सरळ धाकट्या बहिणीपाशी गेला. तिच्या हाताचं प्लास्टर कालच निघालं होतं. ती सोफ्याच्या कोपऱ्यात आक्रसून बसली. "अगं, दादा खातोय का तुला?" मी हसून म्हटलं. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. तिचं मनगट त्यानं इतकं अलगद हातात घेतलं, की माझे डोळे भरून आले. "सॉरी, छकुले," तो म्हणाला. मी मनातल्या मनात बाईंचे पाय धरले. तेवढ्यात ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "दादा, हा हात नाही. तू मोडलास तो दुसरा." "माहितीये की," तो म्हणाला. मनगट मात्र त्यानं सोडलं नाही.