दबकी फुंक

म्हाताऱ्या शिंपीकाकांनी मुठीत मावणारं ऑकरिना, बासरीसारखं फुंकायचं मातीचं वाद्य, ओठांना लावलं. वाद्यवृंदात एकच जागा होती, आज निवड. बोटं भोकांवर काजात बटण जावं तशी चोख पडत होती, पण सूर सगळे बसके. “काका, हा रेडिओ नव्हे, आवाज हवा तेवढा कमी करायला,” निवड करणारे मास्तर वैतागले. “फुंक दाबली की सूर उतरतो. घरी दबकून वाजवता का?” दाराशी बसलेल्या काकूंनी मान खाली घातली. ‘हळू वाजवा, शेजारी काय म्हणतील?’ हे त्यांचंच रोजचं पालुपद, काकांनी निमूटपणे पाळलेलं. “छे हो,” काका म्हणाले, “दमच कमी माझा. वय झालं.” मास्तरांनी पुढच्याला बोलावलं. जिना उतरताना काकूंना राहवेना. “खोटं का बोललात? निदान आता तरी माझ्यावर ओरडा!” काकांनी छातीभर श्वास घेतला. मग ते हळूच म्हणाले, “पायरी बघून उतर.”